निलाने ब्राउझर बदलला तेव्हा

इलोइलो शहराच्या नदीपासून दोन गल्ल्या आत निला तुपासचं घर होतं, आणि त्या घराच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक कॉम्प्युटर होता. घरातल्या तिघांचा मिळून तो एकच. सकाळी त्यावर निला जपानमधल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. दुपारी तिची थोरली नणंद सुसिंग, जिला सगळे मनांग म्हणजे ताई म्हणायचे, हारोच्या कॅथेड्रलमधली मिसेची प्रार्थना बघायची आणि मिसा आटोपली की शेजारणींच्या फोटोंवर शेरे मारत बसायची. संध्याकाळी निलाचा नवरा विल मासळी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून घरी आला की तो कोंबड्यांच्या झुंजी बघायचा, तेही आवाज बंद करून, कारण बहिणीला ते खपायचं नाही. कॉम्प्युटर सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायचा. ऐकलेलं तो विसरत मात्र नाही, हे निलाला कुरोइवासानांच्या तासाला कळलं.

कुरोइवासान कोबेचे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनांत घालवून निवृत्त झालेले, आणि म्हातारपणी इंग्रजी शिकायची हौस. त्यांना बातम्या वाचायला आवडायचं. म्हणून निला आपल्या पडद्यावर बातमी उघडायची, तोच पडदा त्यांना दाखवायची आणि ते सावकाश, एकेक शब्द चाचपत वाचायचे. त्या दिवशी बातमी होती एका नव्या फेरीबोटीची. दुसऱ्या परिच्छेदाला बातमीच्या कडेला एक जाहिरात उमलली. शस्त्रक्रियेनंतर घालायची खास अंतर्वस्त्रं, नुसतं धड असलेल्या पुतळ्यावर चढवलेली. तिच्याखाली दुसरी, केसांच्या टोपाची. टोप घातलेली बाई हसत होती.

कुरोइवासान वाचायचे थांबले. मग आपल्या शिक्षिकेला म्हणाले, "सेन्सेई, तुम्ही आजारी होता का?"

हा प्रश्न त्यांनी इतका बिनचूक जुळवला होता की एरवी निलाने त्यांना शाबासकी दिली असती. तिने घाईघाईने पान खाली सरकवलं आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून म्हातारबुवा बदलले. गृहपाठावरून वाद घालेनात. तिने चूक दाखवली की लगेच माफी मागायचे आणि तास संपायच्या आधीच म्हणायचे, आज लवकर थांबू या, तुम्ही विश्रांती घ्या.

आता खरं सांगायचं तर निला आजारी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी होती. डाव्या बाजूला शस्त्रक्रिया झाली होती, काखेतल्या गाठी काढल्या होत्या, केस गेले होते आणि परत आले होते, आधीपेक्षा दाट. डॉक्टर गिमेनोंनी गेल्या तपासणीला तिची फाइल मिटवून बाजूला ठेवली आणि हसून म्हटलं होतं, आता सहा महिने तोंड दाखवू नकोस. डॉक्टरांनी फाइल मिटवली, कॉम्प्युटरने नाही. आजारपणात निलाने त्याला काय काय विचारलं होतं. केस किती दिवसांनी येतात, जखम अशी दिसते ते बरोबर आहे का, आणि एकदा तर अंत्यविधीला काय लागतं तेही. ते सगळे प्रश्न कुठेतरी जमा होते. ती भाताच्या खिरीची कृती बघायला गेली तरी टोप पुढे यायचा. हवामान बघायला गेली तरी इस्पितळ.

मनांग सुसिंगलाही तेच दिसायचं, कारण खातं सगळ्यांचं एकच. मिसेच्या कडेला रोज टोप बघून मनांगची अशी समजूत झाली होती की देवच तिला आठवण करून देतोय. ती मिसा संपल्यावर मोठ्या आवाजात निलाच्या तब्येतीसाठी जपमाळ ओढायची, खिडकी उघडी ठेवून, म्हणजे गल्लीतल्या बायकांनाही सामील होता यावं.

हे निलाने सहन केलंही असतं. पण तिला एक प्रश्न विचारायचा होता.

ती रोज पहाटे नदीकाठच्या रस्त्याने फिरायला जायची. त्या वेळी पाण्यात बायकांची एक लांब होडी असायची. जोडीजोडीने बसलेल्या वीसेक बायका, पुढे एक ढोलवाली, मागे उभी राहून दिशा धरणारी एक. ढोलाच्या ठोक्यावर सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात जायची आणि एकदम बाहेर यायची. निला कठड्याला टेकून बघत राहायची. एकदा होडी काठाजवळ आली तेव्हा त्यांची कप्तान अनालिन, शाळेत कवायत शिकवणारी एक रुंद खांद्यांची बाई, तिला हाक मारून म्हणाली होती की रोज नुसतं बघतेस काय, चौथ्या फळीवर जागा रिकामी आहे. निला ओशाळून हसली आणि पुढे चालू लागली. पण त्या दिवशी तिने दोन विद्यार्थ्यांची नावं चुकवली, आणि भात करपवला.

गाठी काढलेल्या, ताण पडला की सुजू शकणाऱ्या हाताने वल्हं मारता येतं का? एवढाच तिचा प्रश्न. डॉक्टरांना विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या की विषय संपला, म्हणून आधी तिला आपल्यापुरतं पाहायचं होतं. आणि या कॉम्प्युटरला विचारायचं म्हणजे उद्या मिसेच्या कडेला सुजलेल्या हाताचं चित्र, आणि मनांगची जपमाळ दुप्पट.

कुरोइवासानांनी तिसऱ्यांदा विश्रांतीचा सल्ला दिला तेव्हा निलाने ठरवलं की हे बदलायचं. तिने विलला सांगितलं. विल म्हणाला, पडदा पुसून टाकतात तसं काहीतरी असेल, बघ. ती बघायला बसली आणि तिला कळलं की हे एक जगच आहे. लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुठला ब्राउझर तुमच्या मागे लागणाऱ्यांना दारातच अडवतो, कुठला स्वतःच चोरून बघतो, कुणाच्या मागे कोण पैसा घालतं. एकेकाची बाजू घेऊन माणसं अशी भांडत होती की जणू फुटबॉलचे संघच. तिने आपली अट ठरवली. रोजच्या वापराचा हवा. तिचा वर्ग चालला पाहिजे आणि मनांगची मिसा अडता कामा नये. नाहीतर चार दिवसांत घरचे पुन्हा जुन्याकडे वळतील.

खरंखोटं पाहायला तिने एक युक्ती काढली. घरात कुणालाही कधीच लागणार नाही अशी वस्तू शोधायची आणि ती मागे येते का बघायचं. पहिल्यांदा जुन्याच ब्राउझरमध्ये तिने हिमवर्षावानंतर अंगण मोकळं करायचं फावडं शोधलं. इलोइलोत, जिथे हिम कधी पडतच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनांग विलला विचारत होती की कारखान्यात बर्फ उपसायला तुम्हाला आता स्वतःची फावडी आणायला सांगतात का, आणि सांगत असतील तर संघटना काय झोपली आहे का. विलला काही उमगेना. निला स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती. खूप दिवसांनी ती अशी हसली होती.

मग तिने त्याच ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. काळ्या रंगाची, टोपी-चष्म्याचं चित्र असलेली. तिला वाटलं, झालं काम. आत बसून तिने स्कॉटलंडची मशकवाद्यं शोधली. पण सवयीने ती आत शिरताना आपल्या खात्याचं नाव-पासवर्ड देऊन बसली होती. मशकवाद्यं तिच्या मागोमाग बाहेर आली आणि हवामानाच्या पानावर जाऊन बसली. तेव्हा तिने नीट वाचलं. ती खिडकी घरातल्या माणसांपासून लपवते, बाहेरच्यांपासून नाही. कॉम्प्युटर विसरतो, पण ज्याच्या दारात आपण नाव सांगून गेलो तो कशाला विसरेल?

त्यानंतर कांद्याचं चित्र असलेला ब्राउझर. तो बातमी आणायला तीन देश फिरून जातो, म्हणून कोण विचारतंय ते कुणालाच कळत नाही. निलाला तो फार आवडला. त्यात बसलं की आपण कुणीतरी मोठी हेर आहोत असं वाटायचं. पण तिचा वर्ग त्यात उघडेना, मिसा दर ओळीला अडखळू लागली आणि फादर तोंड उघडून थिजायला लागले. दुकानाचं पान तर चक्क जर्मन भाषेत आलं. मनांग सुसिंग चष्मा वर करून म्हणाली, "इंदाय, अगं पोरी, ह्या यंत्राला भूत लागलंय की तू काही केलंयस?"

निलाने कबूल केलं की तिने केलंय, आणि का तेही सांगितलं. फक्त होडीचं सांगितलं नाही.

मनांगला राग आला. तिचं म्हणणं, सरळ माणसाला लपवायचं काय असतं? तिने स्वतः आयुष्यात काही लपवलं नाही, सगळ्या गल्लीला विचारा. घरच्या माणसांनी काळजी करायची नाही तर कुणी करायची? आजाराची लाज कसली?

निला एरवी मनांगपुढे बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "लाज नाही, मनांग. पण तुम्ही फादरकडे कबुली द्यायला जाता तेव्हा तिथे माइक लावून घेता का?"

विल बाहेरच्या पायरीवर बसला होता. त्याला ठसका लागला. मनांग उठून आत गेली आणि रात्री जेवताना तिने फणसाच्या भाजीतला डुकराचा चांगला तुकडा निलाच्या ताटात सारला. एवढ्यावर निलाने समजून घेतलं की परवानगी आहे.

पुढचा ब्राउझर असा होता की तो बंद केला की सगळं पुसून टाकायचा. निलाला ते छान वाटलं, पण दर वेळी सगळ्यांना नव्याने पासवर्ड द्यावा लागायचा, आणि मनांगचा फोटोंच्या साइटचा पासवर्ड कुणालाच आठवेना, तिलाही नाही. दोन दिवस शेजारणींचे फोटो शेऱ्यांवाचून राहिले. तिसऱ्या दिवशी एक शेजारीण मनांग आजारी आहे की काय म्हणून विचारायला आली.

एव्हाना निलाला या सगळ्याची चटकच लागली होती. बाजारात मासळी घेतानाही तिच्या डोक्यात तेच. कोळंबी विकणाऱ्या बाईला तिने विचारलं की तुझ्या फोनमध्ये कुठला आहे, आणि ती बाई म्हणाली, कोळंबी हवी की फोन? घरी येताना निला स्वतःशीच गुणगुणत होती. आजारपणात तिच्या बाबतीत सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं, कुठलं औषध, कुठली तारीख, काय खायचं. हे एक ती स्वतः ठरवत होती, स्वतः तपासून. एखादा ब्राउझर नापास झाला की ती खूशच व्हायची, कारण का नापास झाला ते तिला सांगता यायचं.

आणि मग तिला हवा तो सापडला. त्याची सगळी बांधणी उघडी होती, कुणीही आत डोकावून तपासावी अशी. तो प्रत्येक संकेतस्थळाला आपापल्या खोलीत बसवायचा आणि एका खोलीतलं बोलणं दुसरीत जाऊ द्यायचा नाही. मागावर राहणाऱ्यांना दारातच अडवायचा. कुठे अडलं तर त्या एकाच ठिकाणापुरती सूट देता यायची. वर्गाचं पान पहिल्यांदा काही उघडलं नाही. तिने तेवढी सूट दिली आणि उघडलं. मनांगसाठी तिने वेगळा कप्पा केला, विलसाठी वेगळा, आणि एक आपला. शोधायलाही तिने दुसरी जागा निवडली, जी कुणी काय विचारलं ते लिहून ठेवत नाही असं सांगत होती. हेही तिने वाचलं होतं की कुठलाच ब्राउझर माणसाला अदृश्य करत नाही. नाव सांगून आत गेलं की ज्याला नाव सांगितलं त्याला कळणारच. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

तिने नेहमीची बातम्यांची साइट उघडली. पान झटकन आलं. कडेला जिथे टोप घातलेली बाई असायची तिथे काहीच नव्हतं. नुसती पांढरी जागा. निला तिच्याकडे बघत राहिली. मग तिने शिकारी ससाण्याच्या डोक्यावर घालायची चामड्याची टोपी शोधली. दुसऱ्या दिवशी तिने हवामान बघितलं, खीर बघितली, मनांगच्या कप्प्यात मिसा लावून दिली. ससाणा कुठेही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी विल कोपऱ्यावरून बाचोय या शेवयांच्या सूपचे दोन वाडगे घेऊन आला. निला त्या वेळी जुन्या खात्यात शिरून तिथली साठवण काढून टाकत होती. दोन वर्षांचे प्रश्न एकाखाली एक. विल मागे उभा राहून वाचत होता. एका ओळीवर तो थबकला. अंत्यविधीची ती ओळ.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही सांगितलं."

पडद्यावर विचारणा आली होती, सगळं कायमचं काढायचं का. विलने वाडगा खाली ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने बटण दाबलं. मग दोघांनी कॉम्प्युटरपुढेच बसून बाचोय खाल्लं. सूप जरा निवलं होतं. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना निलाने आपल्या कप्प्यात जाऊन तो प्रश्न लिहिला. उत्तरं आली आणि ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. पूर्वी डॉक्टर मनाई करायचे, असं त्यात होतं. मग काहींनी नीट तपासून पाहिलं आणि दिसलं की बेताबेताने सुरुवात केली तर वल्ह्याने अपाय होत नाही. कितीतरी देशांत तिच्यासारख्याच बायका वल्हवत होत्या. तिने फोटो बघितले, वल्हं कसं धरायचं ते बघितलं, खुर्चीवर बसल्या बसल्या झाडूच्या दांड्याने करूनही बघितलं. मनांग दारात येऊन उभी राहिल्याचं तिला कळलंच नाही. मनांगने झाडूकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं नाही, आणि काही न विचारता परत गेली.

डॉक्टर गिमेनो नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी हात वर करायला लावला, दंड मोजला, हळूहळू वाढव म्हणाल्या आणि सूज दिसली की थांबून लगेच ये म्हणून बजावलं. मग विचारलं की बायकांच्या त्या होडीत अजून जागा आहे का, कारण त्यांना आपल्या बहिणीसाठी विचारायचं होतं.

पुढच्या तासाला निलाने कुरोइवासानांना आपणहून सगळं सांगितलं. आजार कुठला, केव्हा, आता काय. हेही सांगितलं की शनिवारी ती पहिल्यांदा होडीत बसणार आहे. म्हातारबुवा एकदम ताठ बसले. होडी किती लांब, कशाची, मागे सुकाणू आहे की वल्ह्यानेच वळवतात, एकामागून एक प्रश्न, आणि निम्मे प्रश्न चुकीच्या इंग्रजीत. निलाने सगळ्या चुका दाखवल्या. एका चुकीवर ते अडून बसले की आपलंच बरोबर आहे, आणि तास संपून गेला तरी वाद मिटला नाही. निलाला इतकं बरं वाटलं की तिने जास्तीचा वेळ दिला.

मनांग सुसिंगने शुक्रवारी, विल घरी यायच्या आत, निलाला हळूच बोलावलं. आपल्या फोनमध्येही तो तसला घालून दे म्हणाली. निलाने घालून दिला, कसा वापरायचा ते दाखवलं. मनांगने फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "आता तू जा. मला जरा काम आहे."

निला गेली. काय काम ते तिने आजवर विचारलेलं नाही.

शनिवारी उजाडताना ती धक्क्यावर पोचली तेव्हा बायका होडीत उतरत होत्या. त्यांत परिचारिका होत्या, एक बांगडे विकणारी होती, एक वकीलही होती. अनालिनने तिला जीवरक्षक जाकीट चढवलं, पट्टे ओढून बघितले आणि वल्हं हातात दिलं. हाताचं सांगायला निलाने तोंड उघडलं. तिने सांगितलं तेवढं अनालिनने ऐकून घेतलं, मान हलवली आणि तिला उजवीकडे बसवलं, म्हणजे डाव्या हाताला ताण कमी. दुखलं की वल्हं आडवं ठेव, कुणी काही म्हणणार नाही, एवढं बोलून ती मागे आपल्या जागी गेली.

होडी धक्क्यापासून सुटली. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा जवळ होतं, हात खाली सोडला की लागेल इतकं. शेजारची बाई म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस, पुढच्या जोडीच्या खांद्यांकडे बघ. ढोल वाजला. पहिल्या ठोक्याला निलाचं वल्हं उशिरा पडलं आणि तिने शेजारणीला भिजवलं. दुसऱ्याला लवकर पडलं. नदीकाठच्या रस्त्यावर फिरणारी माणसं कठड्याशी थांबली होती आणि त्यांच्यात विल होता, कामावरचे बूट घातलेला, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत. ते तिला ऐकू आलं नाही. ढोल चालूच होता. ती मोजत गेली, चुकत गेली, पुन्हा मोजत गेली, आणि पुलाखाली शिरता शिरता एकदा तिचं वल्हं सगळ्यांबरोबर पाण्यात गेलं. होडीने पुढे उडी घेतली. ती तिला बुडाखालच्या फळीत जाणवली.

"अजून एकदा," मागून अनालिन ओरडली, आणि निलाने वल्हं उचललं.